जोरदार फलंदाजासाठी खास बॅट

सोपान गेल्याची बातमी मला शाळेत, चौथ्या तासाला मिळाली. मी फळ्यावर नद्या आणि त्यांच्या उपनद्या लिहीत होतो, तेवढ्यात दाराशी त्याचा चुलतभाऊ येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता तो म्हणाला, “मास्तर, सोपाना गेला.” आठवड्यापूर्वी चप्पल शिवताना आरी तळहातात घुसली होती, त्याचा धनुर्वात झाला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं... मी “अरेरे” म्हटलं, दोन मिनिटं दारात उभा राहिलो, आणि परत येऊन कऱ्हा नीरेला कुठं मिळते ते पोरांना सांगितलं. घंटा होईपर्यंत शिकवत राहिलो. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण या लेखात स्वतःला सोडायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या बारामतीच्या क्रिकेट क्लबानं त्याची शोकसभा घेतली. सोपानच्या घरचं कुणी आलं नव्हतं, बोलावलंच नव्हतं. जिवंतपणी ज्याला सगळे “ए सोप्या” म्हणायचे, तो त्या संध्याकाळी एकदम “कैलासवासी सोपानराव” झाला. एका सभासदानं तर त्याच्याशी असलेल्या घरोब्याच्या आठवणी सांगितल्या. हे गृहस्थ सोपानच्या घराकडे आयुष्यात एकदा गेले होते, तेही दुरुस्तीला दिलेले बूट वेळेवर मिळाले नाहीत म्हणून, आणि अंगणाबाहेरूनच ओरडून परत फिरले होते. शेवटी अध्यक्ष नानासाहेब उठले. नानासाहेब म्हणजे गावातले बडे वकील, बारा महिने अंगावर खादी, आणि अस्पृश्यता या विषयावर बोलायला लागले की समोरच्या बायका पदरानं डोळे पुसतात. त्यांनी क्लबाच्या सभांचं जुनं इतिवृत्त उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “आपले जोरदार फलंदाज श्री. सोपान यांचेसाठी क्लबाने खास वजनदार बॅट निवडून आणावी असे सर्वानुमते ठरले.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग त्यांनी जाहीर केलं की ती बॅट सोपानच्या घरून आणून क्लबाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायची, खाली पितळी पाटी लावायची, आणि पाटीवर हेच वाक्य कोरायचं. “बॅट आणण्याचं काम त्या वेळचे आपले चिटणीस करतील,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बाहेर येऊन मोरीवर चूळ भरली, तोंड धुतलं, पण तोंडातली कडू चव काही जाईना. कारण ते वाक्य माझं होतं. अक्षर माझं, खाली सही माझी, आणि वाक्य पहिल्या शब्दापासून खोटं होतं.

सोपान मूळचा इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा. बापाच्या पिढीपासून घरात पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवायचं काम. ऑइल इंजिनं आली तशा विहिरींवरच्या मोटा उतरायला लागल्या, म्हणून बायकोला घेऊन तो बारामतीला आला आणि बाजाराच्या कडेला लिंबाखाली चपलांची दुरुस्ती करत बसू लागला. आमच्या क्लबाकडे तेव्हा बॅटी तीन आणि चामड्याचे चेंडू चार-पाच. चेंडूची शिवण उसवली की तो चिटणिसानं सोपानकडे द्यायचा, आणि चिटणीस होतो मी. शिवून झालेला चेंडू तो तसाच हातात कधी ठेवत नसे. आधी डाव्या हातानं हवेत उडवायचा, आणि कातडं ठोकायच्या लाकडी मोगरीनं समोरच्या पडक्या भिंतीवर हाणायचा. चेंडू परत आला की अंगठ्यानं शिवणीवरून हात फिरवायचा. “मार खाल्ल्याबिगर टाका कळत न्हाय मास्तर,” म्हणायचा. मोगरीचं तोंड वाटीएवढं, चेंडू हवेत, आणि हा बसल्या जागेवरून मारतोय; पण इतक्या वर्षांत त्याचा एक फटका चुकलेला मी पाहिला नाही. टाके ओढून ओढून त्याची मनगटं अशी झाली होती की माझ्या हाताच्या मुठीत एक मावलं नसतं. अर्थात मी ते कधी मुठीत धरून पाहिलं नाही हेही खरंच.

एकदा शिवलेला चेंडू घेऊन तो थेट मैदानावरच आला. आम्ही सराव करत होतो. सीमेबाहेर उभं राहून म्हणाला, “टाका जरा येगळा घातलाय. खऱ्या बॅटीनं मारून बगितलं तर कळंल.” कुणीतरी गंमत म्हणून एक फुटकी, टाकून दिलेली बॅट त्याच्याकडे फेकली. आमचा सगळ्यात वेगवान गोलंदाज धावत आला, आणि पुढचं आम्ही फक्त माना वळवून पाहिलं. चेंडू मैदानावरून, बाभळींवरून, दौंडला जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवरून पलीकडच्या उसात गेला. तासभर शोधला. सापडल्यावर सोपाननं शिवण पाहिली आणि समाधानानं मान हलवली. चेंडू किती लांब गेला याच्याशी त्याला काही देणंघेणं दिसलं नाही. “धरलाय टाका,” एवढंच म्हणाला आणि निघाला. मी त्याच्या मागे धावत गेलो. इंदापूरशी आमचा सामना महिन्यावर आला होता, आणि आदल्या दोन वर्षी त्यांनी आम्हाला धुळीत लोळवलं होतं.

त्याला संघात घ्यायचं की नाही यावर क्लबात सभा झाली. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा तेव्हा दिल्लीत होऊ घातला होता, त्यामुळे कुणी उघड नाही म्हणेना. पण सभेत एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, “घ्या की. पण आपल्या बॅटी तर सगळ्यांच्या हातातल्या... घाम असतो, उन्हाळ्याचे दिवस...” वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. बाकीचे पंख्याकडे बघत बसले. आणि मग नानासाहेबांना ती कल्पना सुचली. ते म्हणाले, “हा गडी जोरात मारतो. आपल्या हलक्या बॅटी त्याच्या हातात टिकणार नाहीत. जोरदार फलंदाजाला जड बॅट लागते. आपण त्याच्यासाठी स्वतंत्र, खास बॅट आणू.” सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. साप मेला आणि काठीही मोडली नाही. माझाही चेहरा मोकळा झाला, हे मला पक्कं आठवतं. सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्यालाही ते माहीत आहे हेही माहीत होतं. मी दौत उघडली आणि वर दिलेलं वाक्य लिहिलं. “वजनदार” या शब्दावर नानासाहेबांनी मला शाबासकीही दिली.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या हाताला जो चेंडू लागायचा, तो सोपानच्या हातचा. त्यानं टाका ओढताना दोरा तोंडात धरलेला असायचा, आणि आमचे गोलंदाज तोच चेंडू थुंकी लावून पँटीला घासायचे. त्याबद्दल कुणाची काही हरकत नव्हती. पॅड आणि हातमोजे त्यानं स्वतःचे स्वतः शिवून आणले, तेव्हा आम्ही म्हटलं, काय हौशी माणूस आहे! त्यानं ते का शिवले असतील हे कुणी मनात आणलं नाही. मनात आणलं असतं तर तोंडावर आणावं लागलं असतं. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हाच, आणि या तमाशात ढोलकी वाजवायला मी होतो.

बॅट निवडायला मी सोपानला घेऊन पुण्याला गेलो. दुकानदार म्हातारा, काळ्या टोपीतला, बॅटींवर जीव असलेला माणूस. त्यानं दहा-बारा बॅटी काउंटरवर ओळीनं मांडल्या. सोपान दोन पावलं मागेच उभा होता. म्हातारा त्याच्यावर खेकसला, “अहो, खेळणार तुम्ही ना? मग हातात घ्या की! बॅट काय डोळ्यांनी निवडायची असते?” मग सोपान पुढे झाला. त्यानंतरचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या अर्ध्या तासांपैकी एक आहे, आणि तो मीच नासवला. सोपान बॅट बघत होता तशी बॅट बघताना मी कुणाला पाहिलं नाही. आधी वास घ्यायचा. मग पात्यावरच्या रेघांवरून नख फिरवायचा, कातड्यावर गुरानं अंग घासल्याचे ओरखडे शोधतात तसं. मग बोटाच्या पेरानं खाली, मध्ये, कडेला टकटक करून कान लावायचा. “हितं पोकळ बोलतीया,” असं म्हणून एक बाजूला. “ही लई घट्ट, चेंडूला ढकलायची न्हाय,” म्हणून दुसरी बाजूला. शेवटी त्यानं एक उचलली, डाव्या हातानं, नुसत्या मनगटावर दोनदा वर-खाली केली आणि म्हणाला, “ही.”

म्हातारा खूश झाला. म्हणाला, “बरोब्बर! जोरात मारणारे सगळे येतात आणि जड मागतात. अहो, पैलवानाला मुद्गल लागतो, फलंदाजाला नाही. जड बॅट उचलण्यातच निम्मा जोर संपतो. चेंडूवर पोचते ती उशिरा, तीही दमून. रेघा सरळ हव्यात, वजन खाली हवं, आणि हातात घेतल्यावर ती हातात आहे हे विसरायला हवं. यांनी आज पहिल्यांदा बॅट निवडली म्हणता? मी तीस वर्षं विकतोय, मीही हीच दिली असती.” वजनकाट्यावर ठेवली तर बॅट सव्वादोन पौंडांच्या आत भरली. म्हणजे आमच्या क्लबाच्या बॅटींएवढीच.

आणि तिथंच मी अडकलो. आमच्याच वजनाची बॅट घेऊन मी परत गेलो असतो तर तिला वेगळी ठेवायला कारणच उरलं नसतं. इतिवृत्तात “वजनदार” लिहून बसलो होतो. सारखीच बॅट असेल तर मग दुसऱ्यानं ती का वापरू नये, आणि सोपाननं आमची का वापरू नये? खोटं उघडं पडलं असतं. अगदी काट्यावर मोजून उघडं पडलं असतं. मी म्हणालो, “ही नको. सगळ्यात जड असेल ती दाखवा.” म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग माळ्यावर चढून त्यानं एक धूड खाली आणलं. दोन-तीन वर्षं तिथं पडून होतं, कुणी घेत नव्हतं. काटा अडीच पौंडांच्या पुढे गेला. सोपाननं तिच्या मुठीचा वास घेतला, दोन्ही हातांनी थोडी पिळून पाहिली आणि हळूच म्हणाला, “मास्तर, हिच्या मुठीतला वेत वाळलाय. तेलाचं बोट लागलं न्हाय हिला. मोटंचं कातडं असं झालं की मी मालकाला सांगतो, हिरीत सोडू नगा, तुटून तळाला जाईल.” मी म्हणालो, “निवडायला मला पाठवलंय.” माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, मी त्याला अरे-तुरे करत होतो, आणि वर हे. त्यानं बॅट काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, “बरं. तुमच्या मनासारखं.”

येताना दौंडला गाडी बदलून आम्ही बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. बॅट त्यानं दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. बाहेर बघता बघता त्यानं एकदम विचारलं, “क्लबातल्या बाकीच्या बॅटी केवढ्याच्या हायत?”

“असतील दोन-सव्वादोन पौंडांच्या.”

“आन् माझीच येवढी जड.”

“तू जोरात मारतोस ना, म्हणून.”

“व्हय,” तो म्हणाला, आणि हसला. “लई जोरात मारतो मी.” चोराच्या मनात चांदणं, त्या हसण्याचा अर्थ मला कळला होता आणि मी तो कळून घेतला नाही. बारामती येईपर्यंत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलो.

सामना इंदापुरात होता. आमच्या बाजूनं पहिले चार गडी पंचविसात गेले आणि सोपान आत आला. त्या धुडानं त्यानं तीन सिक्सर मारल्या, पण बघवत नव्हतं. चेंडू येण्याआधीच तो बॅट उचलून ठेवायचा, नाहीतर ती वेळेवर खाली येतच नव्हती. प्रत्येक फटक्यानंतर उजवं मनगट डाव्या हातानं चोळायचा. आमच्या तंबूत नानासाहेब म्हणत होते, “पाहिलंत? जोरदार फलंदाजाला वजनच हवं!” चौथ्या मोठ्या फटक्याला मूठ कडाड्कन मोडली. वेत मधोमध चिरला, पातं एकीकडे लोंबकळलं. सोपाननं ते अंपायरला दाखवलं, आणि आमच्या तंबूकडे वळून हात पुढे केला. दुसरी बॅट हवी, एवढंच.

तंबूत आम्ही दहाजण होतो. क्लबाच्या तीन बॅटींपैकी एक मैदानात त्याच्या जोडीदाराच्या हातात होती, दोन तंबूत होत्या. त्यातली एक माझ्या मांडीवर आडवी होती, कारण सोपाननंतर आत जायचं होतं ते मला. कुणी उठलं नाही. नानासाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. कुणीतरी बुटाची नाडी बांधायला वाकला तो वाकलेलाच राहिला. सोपान हात पुढे करून उभा होता. त्यानं नाव घेऊन कुणाला हाक मारली नाही, पण तो बघत होता माझ्याकडे. मी बॅटीची मूठ घट्ट धरून बसलो होतो... ती मूठ माझ्या घामानं ओली झाली होती, एवढं मला आठवतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सामना थांबला होता, प्रेक्षकांतून आवाज येत होते, आणि दहा शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं दगडासारखी बसून होती. त्या दहांत एक शिक्षक होता, दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना सत्य बोलावं म्हणून शिकवणारा.

शेवटी इंदापूरचा कप्तान भिकोबा स्वतःच्या तंबूकडे चालत गेला. हा बावड्याचा बागायतदार, भाजीपाला आणि डाळिंबं पिकवणारा, तोंडानं फटकळ गडी. तो स्वतःची बॅट घेऊन आला आणि सोपानच्या हातात दिली. आमच्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “घे गड्या. माझ्या मोटंला ह्याचे टाके हायत. त्या मोटंचं पानी माझ्या मळ्याला जातंय आन् माझ्या पोटातबी जातंय. बॅटीचं काय घिऊन बसलाय!” मग सोपानला म्हणाला, “पर आऊट मातुर आमी तुला करनारच, व्हय!” प्रेक्षक हसले. सोपानही हसला. भिकोबाची बॅट हलकी होती. तिनं सोपान जे खेळला ते वर्णन करायला मी क्रिकेटचा जाणकार नाही. पण पुण्याच्या दुकानात त्यानं जी बॅट निवडली होती ती आणली असती तर पहिल्या चेंडूपासून काय झालं असतं, ते त्या दिवशी सगळ्या इंदापूरनं पाहिलं. त्याला बाद कुणी करू शकलं नाही. आम्ही जिंकलो. “आम्ही” हा शब्द लिहितानाही लाज वाटते.

परतीच्या गाडीत जल्लोष होता. नानासाहेबांच्या गळ्यात हार घातला. सोपानच्या गळ्यात घालायला हार उरला नव्हता म्हणे. क्लबाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सोपाननं गाडी थांबवायला लावली आणि मोडकी बॅट काखेत मारून उतरला. नंतर मैदानावर तो कधीच आला नाही. पुढच्या वर्षी मी बोलवायला गेलो तर “माझी बॅट मोडली की मास्तर,” एवढंच बोलला. क्लबात लोक म्हणाले, किती केलं त्याच्यासाठी, खास बॅट आणली, पण या लोकांना किंमतच नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो. मान खाली घालून लिहीत राहिलो.

चेंडू मात्र त्याच्याकडेच जात राहिले. एकदा गेलो तर तो लिंबाखाली बसून ती बॅट आडवी टाकून तिच्या पाठीवर कातडं ठोकत होता. मूठ कापून टाकली होती. मी म्हणालो, “अरे, हे काय केलंस?”

“काय केलं? जड हाय, हालत न्हाय. ठोकायला बेस हाय.” त्यानं मोगरी खाली ठेवली. “तुमी लाकूड वाईट निवडलं न्हाय मास्तर. तिला काम चुकीचं दिलं हुतं.” मला वाटलं तो थट्टा करून सोडून देईल. पण तो बोलत राहिला, अगदी शांतपणे, दोऱ्याला मेण लावता लावता. “बाकीच्यांचं मला काय न्हाय. त्यांचं मला पयल्यापासनं ठावं हुतं. पर पुन्याला तुमी सोबत हुता. मी म्हटलं, मास्तर येकदा तरी तोंडानं सांगत्याल... गाडीत सांगत्याल, न्हायतर इंदापुरात सांगत्याल. नुसतं येवढंच, की सोपाना, असं असं हाय. मी घेतली असती तरीबी जड बॅट. पर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

मी उसवलेला चेंडू पुढे केला. तो म्हणाला, “ठिवा चेंडू. उद्या या.”

त्यानंतर चार वर्षं तो माझ्या शाळेच्या वाटेवर बसत होता. दिवसातून दोनदा मी त्याच्यासमोरून जायचो. रोज म्हणायचो, आज सांगू. त्यात सांगण्यासारखं होतं तरी काय? एक वाक्य. ते त्याला माहीत असलेलं वाक्य होतं, मला फक्त ते उच्चारायचं होतं. मी रामराम घालत होतो आणि पुढे जात होतो. आणि मग आरी लागली, आणि सांगायला माणूसच उरला नाही.

शोकसभेनंतर बॅट मागायला मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको रखमा अंगणात बसली होती. तिला मी आता वहिनी म्हणतो. तो होता तोवर काहीच म्हणत नव्हतो. सोपानचं काम तिनं पुढे घेतलं आहे. बॅट तिच्यासमोरच आडवी होती, पाठीवर रापीचे वार आणि आरीची भोकं, आणि तिच्यावर चपलेचा तळ. मी काचेच्या पेटीचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. तिनं ठोकणं थांबवलं नाही.

“पाटीवर काय लिवनार?”

मी नानासाहेबांनी दिलेला कागद वाचून दाखवला. जोरदार फलंदाज, खास, वजनदार, सर्वानुमते.

“ह्यांनी मला येगळंच सांगितलं हुतं,” ती म्हणाली.

“काय सांगितलं होतं?”

“मला काय इचारता? तितं तुमी हुता. मी न्हवते.” मग मोगरी ठेवून माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “खरं लिवा आन् घिऊन जावा. न्हायतर ऱ्हाऊ द्या, मला रोज लागती.”

तीन दिवस मी एका कागदावर लिहीत आणि फाडत होतो. शेवटी जे उरलं ते असं: “ही बॅट सोपानने निवडली नव्हती. त्याने निवडलेली हलकी बॅट आम्ही घेतली नाही. आमच्या हाताला त्याचा हात लागू नये म्हणून त्याची बॅट वेगळी ठेवायची होती, आणि ती वेगळी का हे कुणी विचारू नये म्हणून ती जड आणली. ती मोडल्यावर आमच्यापैकी एकानेही त्याला आपली बॅट दिली नाही. हे सगळे माहीत असून इतिवृत्तात खोटे लिहिणारा चिटणीस मी.” हे मी वहिनींना जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा तसाच होता.

“नानासाहेबास्नी वाचून दावलं का हे?”

“अजून नाही.”

“मंग आदी तितं वाचा,” त्या म्हणाल्या. “बॅट कुठं पळून जात न्हाय.”

गेलो. नानासाहेब आमच्या शाळेच्या मंडळावरही आहेत, हे मला त्यांच्या घराच्या पायऱ्या चढताना नको तितकं आठवत होतं. कागद वाचायला लागलो, जेमतेम दुसऱ्या वाक्यावर होतो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. रागावले नाहीत. उलट फार मायेनं म्हणाले, “मास्तर, माणूस गेला, कशाला जुनं उकरता? आणि पुरावा काय? लेखी पुरावा एकच आहे, तो तुमच्याच हातचा आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध आहे.” मग दारात पक्षकार बसलेत असं म्हणून उठले. परतताना क्लबात डोकावलो, तर दिवाणखान्यातली पेटी दिसली. नवी काच, आत मखमल, आणि खाली पाटी लावूनही झाली होती. बॅट येणारच, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

पेटी आज महिना झाला तशीच रिकामी आहे. मला नानासाहेबांनी दुसऱ्या वाक्यापुढे वाचू दिलं नाही. पण हा लेख वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत छापून येतो आहे, ती ते दर रविवारी सकाळी, चहाबरोबर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.